पोर्ट कापून जुने इंजिन सुधारत नाही

यामाहा आरएक्स 100 चे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आणि हवेवर थंड होणारे आहे. बोअर 50 मिमी आणि स्ट्रोकही 50 मिमी, म्हणून क्षमता 98 घनसेंटिमीटर. मिनिटाला 7500 फेऱ्यांवर 11 अश्वशक्ती. 1985 च्या अखेरीस ही गाडी भारतात आली आणि 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज चालू असलेल्या सर्वांत अलीकडच्या गाडीचे इंजिनही तीस वर्षांच्या घरात पोहोचले आहे. एवढ्या काळात प्रत्येक इंजिन एकदा तरी खोलले गेले आहे, बहुतेक इंजिने अनेकदा, आणि त्यांतली बरीचशी पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत परत जोडली गेली आहेत. याचे कारण सुट्या भागांच्या टंचाईत जेवढे आहे, त्याहून जास्त ते इंजिन बांधण्याविषयीच्या चुकीच्या समजुतींत आहे.

अशा दोन समजुती सर्वत्र पसरल्या आहेत. बोअर मारून नवा पिस्टन टाकला की इंजिन नवे झाले, ही पहिली. ताकद हवी असेल तर पोर्ट कापावेत, हेड घासावे, सायलेन्सर मोकळा करावा आणि ऑइल पंप काढून टाकावा, ही दुसरी. दोन्ही इतक्या वेळा सांगितल्या जातात की गाडीमालक स्वतःहून त्यांची मागणी करतात. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर सुस्थितीतली इंजिने कायमची निकामी करणारी आहे.

पहिल्या समजुतीतली चूक टू-स्ट्रोकच्या रचनेतच दिसते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक ज्या कप्प्यात फिरतो तो कप्पा म्हणजे ऑइलची टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये तोच कप्पा पंपाचे काम करतो. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्स्फर पोर्टांतून सिलिंडरमध्ये चढते. आरएक्स 100 मध्ये कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये रीड व्हॉल्व्ह असल्याने आत आलेले मिश्रण मागे फिरत नाही. पण क्रँकच्या दोन टोकांना हा कप्पा बंद ठेवण्याचे काम दोन रबरी ऑइल सीलच करतात. सील गळके असेल, तर वर कितीही अचूक बोअर मारला आणि कितीही चांगला पिस्टन बसवला तरी इंजिनाचा अर्धा भाग फुटकाच राहतो.

डाव्या बाजूचे, मॅग्नेटच्या आतले सील गेले की इंजिन बाहेरची हवा ओढू लागते. मेकॅनिक याला इंजिन एअर घेते म्हणतात. मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडल्यावरही रेस लगेच उतरत नाही, स्लो बसत नाही. त्यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत राहणे. पातळ मिश्रणाने पिस्टनचा माथा तापतो आणि लांबच्या प्रवासात पिस्टन पकडतो. मग नवा बोअर, नवा पिस्टन, आणि सील जुनेच. काही महिन्यांनी पुन्हा तेच घडते आणि दोष पिस्टन बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो. उजव्या, क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधले ऑइल क्रँककेसमध्ये खेचले जाते. गाडी दाट पांढरा धूर सोडते, प्लग ओला राहतो आणि गिअर ऑइलची पातळी बाहेर कुठेही थेंब न पडता उतरत जाते. या धुरावरही बोअर संपला असाच निर्णय दिला जातो.

हा दोष ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. एक्झॉस्ट पोर्टाच्या तोंडावर रबराचा तुकडा ठेवून त्यावर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळायची. कार्ब्युरेटरच्या जागी तशीच दुसरी पट्टी लावायची आणि तिच्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा. मॅग्नेट काढून ठेवायचे, ऑइल पंपाची नळी बंद करायची, आणि पंपाने साधारण सहा पौंड हवा भरायची. निरोगी इंजिन हा दाब काही मिनिटे धरून ठेवते. काटा उतरू लागला तर साबणाचे पाणी ब्रशने फिरवायचे. सीलची कड, सिलिंडरखालचे पॅकिंग, क्रँककेसच्या दोन अर्ध्यांचा सांधा, रीड व्हॉल्व्हची बैठक, यांपैकी जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. क्लचच्या बाजूचे सील झाकणाआड असते, त्यामुळे तिथे गळती असेल तर हवा गिअरबॉक्समध्ये शिरते आणि त्याच्या श्वासनळीतून बाहेर पडते. त्या नळीच्या तोंडाशी साबणाचा फेस धरला की तीही सापडते. यानंतर हवा उलट खेचून पोकळीतही हीच तपासणी करावी, कारण सीलची ओठासारखी कड दाबाखाली घट्ट बसते आणि पोकळीत सुटू शकते. एवढ्याशा सामानाने वीस मिनिटांत होणारी ही चाचणी न करता टू-स्ट्रोक इंजिन गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणे हा निष्काळजीपणा आहे.

सीलनंतर क्रँक. टू-स्ट्रोकचा क्रँक अखंड नसतो. दोन फ्लायव्हील आणि त्यांच्यामध्ये प्रेसने दाबून बसवलेली पिन, त्या पिनीवर रोलरच्या पिंजऱ्यासह रॉड, अशी त्याची घडण असते. रॉड किट बदलायची तर फ्लायव्हील वेगळी करून पुन्हा दाबावी लागतात, आणि दाबल्यावर ती जवळजवळ कधीच आपोआप एका रेषेत येत नाहीत. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून, दोन्ही टोकांना डायल गेज लावून, तांब्याच्या हातोडीने किंवा पाचर मारून तो रेषेत आणावा लागतो. या वर्गाच्या इंजिनात 0.03 मिमीपेक्षा जास्त वेडेवाकडेपण चालत नाही आणि चांगला कारागीर 0.02 च्या आत थांबतो. हातोडी वापरण्यात चूक काहीच नाही, जगभर हेच केले जाते. चूक आहे ती गेजशिवाय हातोडी मारण्यात. डोळ्याने आणि पट्टीने सरळ ठरवलेला क्रँक इंजिनाचा थरकाप वाढवतो, बेअरिंगच्या गोळ्या खातो, नव्या सीलची कड काही हजार किलोमीटरमध्ये झिजवतो आणि मॅग्नेटचा रोटर डोलवून स्पार्कची वेळही हलवतो. म्हणजे वर सांगितलेली सीलची गळती बऱ्याचदा क्रँकपासूनच सुरू झालेली असते.

रॉड जुनाच ठेवायचा की बदलायचा, हेही अंदाजावर सोडायचे काम नाही. रॉडचे वरचे टोक बाजूला हलवून ते किती डुलते हे मोजता येते. नव्या रॉडला ते साधारण एक मिलिमीटर हलते, दोन मिलिमीटरच्या पुढे गेले की किट बदलायची. मुख्य बेअरिंग घेताना आतली ढिलाई सी3 प्रतीची असावी लागते, कारण इंजिन तापल्यावर साध्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना जागा उरत नाही. ती बसवताना क्रँककेस शंभर अंशांच्या आसपास तापवली की बेअरिंग स्वतःच्या वजनाने घरात उतरते. थंड ॲल्युमिनियममध्ये ठोकून बसवलेले बेअरिंग घर ओरखडत जाते, आणि पुढच्या वेळी ते त्या घरात सैल फिरते. बेअरिंगचे घर झिजले की क्रँककेस गेली असे समजावे. सिलिंडरला स्लीव्ह घालता येते. क्रँककेस मात्र पुन्हा पूर्ववत करणे फार कमी कारागिरांना जमते.

आता बोअर. तो महत्त्वाचा आहेच, पण तोही ज्या पद्धतीने केला जातो त्यात दोष आहे. आरएक्स 100 चे ओव्हरसाइज पिस्टन 0.25 मिमीच्या पायऱ्यांनी एक मिलिमीटरपर्यंत मिळतात; दुकानात त्यांना पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर नंबर म्हणतात. म्हणजे मूळ सिलिंडरला एकूण चारच संधी असतात. पहिल्याच वेळी थेट पंचाहत्तर किंवा शंभर नंबर मारण्याचा सल्ला दिला जातो, एकतर तो पिस्टन हाताशी असतो म्हणून, नाहीतर मोठा पिस्टन म्हणजे जास्त ताकद या समजापोटी. हिशेब सोपा आहे. 50 ऐवजी 51 मिमी बोअर केला तर क्षमता 98 वरून 102 घनसेंटिमीटर होते. चार टक्क्यांच्या वाढीसाठी सिलिंडरचे सगळे आयुष्य एका दिवसात खर्चणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

लोखंडी सिलिंडरच्या जवळपास दुप्पट वेगाने ॲल्युमिनियमचा पिस्टन प्रसरण पावतो, म्हणून दोघांत थंड असताना फट ठेवावी लागते. 50 मिमीच्या या इंजिनात ती मिलिमीटरच्या सुमारे चार शतांश भागाची असते. ही फट हाताने पिस्टन सरकवून जोखता येत नाही. पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून थोड्या उंचीवर, गजन पिनीच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजायचा आणि सिलिंडर त्या विशिष्ट पिस्टनसाठी कापायचा. एकाच नंबराचे दोन पिस्टन मोजले तर माप तंतोतंत एक असेलच असे नाही, म्हणून पिस्टन समोर नसताना मारलेला बोअर हा अंदाजच असतो. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टाची कड बारीक घासून गोलसर करावी लागते. टू-स्ट्रोकची रिंग दर फेरीला या खिडक्यांवरून सरकते. धारदार कड तिला अडवते, ओरखडते आणि शेवटी मोडते. रिंगची टोके खिडकीत अडकू नयेत म्हणून पिस्टनच्या खाचेत लहान पिन असते, तिला सोडून रिंग बसवली तर पहिल्या किकलाच सिलिंडरवर ओरखडा उमटतो. रिंगच्या टोकांमधली फट सिलिंडरमध्येच फिलर गेजने तपासायची, आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवायचा. कडा घासण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. ते लेथवाला मेकॅनिकवर ढकलतो, मेकॅनिक लेथवाल्याने केलेच असेल असे धरून चालतो, आणि सिलिंडर तसाच बसवला जातो.

दुसरी समजूत मांडणारे म्हणतात की हे सगळे दुरुस्तीचे झाले, ताकद वाढवायची तर पोर्टिंगच करावे लागते. त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये पोर्टांची उंची आणि एक्झॉस्टचा आकार यांवर ताकद ठरते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन या अभियंत्याने 1950 च्या दशकात हे शर्यतीच्या मैदानावर सिद्ध केले. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच निघणारी दाबाची लाट पसरत्या आणि मग निमुळत्या नळीतून परत फिरते. ती नेमक्या क्षणी पोर्टाशी पोहोचली तर बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. 1961 मध्ये काडेनचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून गेला, त्याच्याबरोबर हे ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेले आणि 1962 चे 50 सीसीचे जागतिक विजेतेपद डेग्नरने सुझुकीवर मिळवले. त्यानंतरच्या जपानी टू-स्ट्रोकच्या वैभवामागे हेच ज्ञान आहे.

पण ही लाट एका ठरावीक वेगालाच वेळेवर परतते. गरम धुरात ती सेकंदाला सुमारे पाचशे मीटर धावते. 7500 फेऱ्यांवर एक्झॉस्ट पोर्ट 170 अंश उघडे असेल तर तिला जाऊन परत यायला चार सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो, आणि त्यासाठी नळीची परिणामकारक लांबी मीटरच्या थोडी आत असावी लागते. पोर्टाची उंची, नळीची लांबी आणि फेऱ्या हे तिन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. यांतले एक हलवले की बाकीची दोन्ही पुन्हा मांडावी लागतात. एक्झॉस्ट पोर्टाची वरची कड एक मिलिमीटर उचलली तर या स्ट्रोकच्या इंजिनात पोर्ट सुमारे सव्वादोन अंश आधी उघडते आणि तेवढेच उशिरा मिटते. एकूण कालावधी साडेचार अंशांहून अधिक वाढतो. मोठ्या घासणीने एक मिलिमीटर सहज निघून जातो. मूळ सायलेन्सर मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो. परिणाम ठरलेला: खालच्या फेऱ्यांत दाब कमी, पेट्रोलचा खर्च जास्त, आणि वरच्या टोकाला थोडी वाढ झाली तरी ती गिअर बदलताच हातून निसटणारी. शहरात आणि घाटात गाडी ज्या फेऱ्यांत चालते तिथली ताकद काढून कधीतरीच गाठल्या जाणाऱ्या टोकाला नेणे, याला सुधारणा म्हणता येत नाही. पोर्ट रुंद केले तर धोका आणखी वाढतो, कारण रुंद खिडकीत रिंग फुगून बाहेर येते आणि कडेला आदळते. उंचीतले नुकसान निदान पॅकिंगची जाडी बदलून थोडे सावरता येते. जास्त रुंद केलेले पोर्ट मात्र स्लीव्ह घातल्याशिवाय परत येत नाही.

राजदूत 350 चे उदाहरण या बाजूने नेहमी पुढे केले जाते. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये आणलेली ही गाडी म्हणजे जपानी आरडी 350 चेच रूप. मूळ गाडीची 39 अश्वशक्ती भारतात मायलेजसाठी 30.5 वर आणि नंतरच्या आवृत्तीत 27 वर उतरवली गेली. तिच्या पोर्टांवर केलेले काम फळते, यात शंका नाही. पण तिथे मूळचे इंजिन कारखान्यानेच बांधून ठेवले होते, आणि काम करणाऱ्यासमोर मूळ जपानी आराखड्याची मापे होती. ठाऊक असलेल्या मापाकडे परत जाणे आणि कुठे थांबायचे हे माहीत नसताना घासत जाणे यांत मोठे अंतर आहे. आरएक्स 100 असे बांधून ठेवलेले इंजिन नाही. शंभर सीसीच्या वर्गात 11 अश्वशक्ती हा त्या काळी इथल्या रस्त्यांवर वरचाच आकडा होता.

सायलेन्सरचा आतला जाळीचा भाग काढण्याची पद्धतही याच अज्ञानातून येते. बाहेरून साध्या नळकांड्यासारखा दिसणारा टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून पसरत्या आणि निमुळत्या भागांनी बनलेला असतो आणि परतणाऱ्या लाटेचे काम तिथेच होते. आतले काढले की आवाज वाढतो, त्या आवाजाला ताकद समजले जाते, आणि मिश्रण पातळ होऊन पिस्टनचा माथा तापू लागतो. पोलीस पकडतात तो प्रश्न वेगळा आणि रास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. पण कायदा नसता तरीही हे करण्यासारखे नव्हते.

हेड घासण्यात थोडे तथ्य आहे. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या कडेची आणि हेडच्या कडेची फट, जिला स्क्विश म्हणतात, ती कमी असेल तर मिश्रण मध्यभागी ढकलले जाते, जळणे वेगाने होते आणि ठोका कमी पडतो. या मापाच्या इंजिनात ती एक मिलिमीटरच्या आसपास हवी. प्लगच्या भोकातून कथलाची मऊ तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालून क्रँक हाताने फिरवला की तार चपटी होते, आणि तिची जाडी मोजली की फट कळते. एवढे मोजून, गरजेपुरते हेड घेणे ही खरी सुधारणा आहे. न मोजता मिलिमीटरभर घेतल्याने मात्र कॉम्प्रेशन बेसुमार वाढते, ठोका सुरू होतो आणि पिस्टनच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडतात.

ऑइल पंपाविषयीचा समज सर्वांत घातक आहे. पंप जुना झाला, तो बंद पडला तर पिस्टन पकडेल, म्हणून तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे, असे सांगितले जाते. यामाहाने 1964 मध्ये ऑटोल्युब या नावाने आणलेली ही व्यवस्था इंजिनाच्या फेऱ्या आणि थ्रॉटलची उघडझाप या दोन्हींनुसार ऑइल देते. टाकीत मिसळलेल्या ऑइलचे प्रमाण मात्र कायम एकच राहते, आणि ते पेट्रोलबरोबरच आत जाते. खंबाटकी किंवा आंबोलीचा घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो आणि गाडी गिअरवर जोरात फिरत असते. पेट्रोल जवळजवळ थांबलेले, म्हणून ऑइलही थांबलेले, आणि फेऱ्या पाच हजारांच्या वर. पंप अशा वेळीही फेऱ्यांप्रमाणे किमान ऑइल देत राहतो. शर्यतीत मिश्रणच वापरतात हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही, कारण शर्यतीची गाडी सतत उघड्या थ्रॉटलवर चालते आणि तिचे इंजिन काही शर्यतींनंतर उघडले जाते.

जास्त ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हेही खरे नाही. चाळीसला एक या प्रमाणात मिश्रणाचा सुमारे अडीच टक्के भाग ऑइल असतो. वीसला एक केले तर तो पाच टक्क्यांजवळ जातो. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढले की तेवढे पेट्रोल कमी जाते आणि हवेच्या मानाने मिश्रण उलट पातळ होते. त्यात एक्झॉस्ट पोर्टावर आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचून वाट अरुंद होते ती वेगळीच. पंपावर विश्वास नसेल तर तो तपासावा. नळीतली हवा काढावी, केबलची खूण थ्रॉटलशी जुळवावी, आणि ठरावीक फेऱ्यांत किती ऑइल पडते ते मोजावे. मेकॅनिकला हा अर्ध्या तासाचा व्याप टाळायचा असतो, म्हणून मालकाच्या हातात मिसळायची बाटली दिली जाते.

या सगळ्याला वैतागलेले संग्राहक उलट टोकाला जातात आणि कारखान्यातून आले त्यातले काहीही बदलू नये म्हणतात. त्यांची चीड समजण्यासारखी आहे, पण तेही मत टिकत नाही. आज पंपावर मिळणारे पेट्रोल 1985 चे राहिलेले नाही. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, म्हणून तेच जेट ठेवले तर त्या काळी बरोबर असलेले मिश्रण आज पातळ पडते. मुख्य जेट एक-दोन नंबरांनी वाढवून, प्लगचा रंग पाहून ठरवणे आता अपरिहार्य आहे. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमध्ये फुगते किंवा कडक होते. त्याऐवजी व्हिटॉनचे सील आणि नवी नळी घालणे ही मूळ रूपाशी बेइमानी ठरत नाही. पोलादी रीडची पाकळी तुटली तर ती सरळ क्रँककेसमध्ये जाते. फायबरची तुटली तरी बहुधा इंजिन वाचते. येझदी, राजदूत यांसारख्या पॉइंटवर चालणाऱ्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातल्याने स्पार्कची वेळ झिजेने सरकत नाही. ती वेळ किती नाजूक असते याचा अंदाज घ्यायचा तर, 50 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन टोकापासून 2 मिमी खाली असताना आणि 2.5 मिमी खाली असताना पडलेल्या ठिणगीत जवळपास अडीच अंशांचे अंतर पडते. पॉइंटची टाच थोडी झिजली तरी वेळ सरकू लागते.

ज्या परंपरेत हे इंजिन जन्मले तीही न बदलण्याची नव्हती. यामाहाची 1955 ची पहिली मोटरसायकल, वायए-1, जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी 125 वरून घडवलेली होती. त्या आराखड्यात पुढच्या वर्षांत वेगळा ऑइल पंप आला, रीड व्हॉल्व्ह आला, धातू सुधारले. प्रत्येक बदलामागे मोजमाप होते आणि प्रत्येक बदलाने इंजिन जास्त काळ चालले किंवा कमी पेट्रोलमध्ये जास्त काम करू लागले. जुन्या इंजिनात आज करायच्या बदलालाही हीच कसोटी लावायला हवी. व्हिटॉनचे सील, रेषेत आणलेला क्रँक, मोजलेली स्क्विश, बदललेले जेट आणि चालू ऑइल पंप या कसोटीला उतरतात. न मोजता कापलेले पोर्ट, मोकळा सायलेन्सर आणि कचऱ्यात गेलेला पंप उतरत नाहीत.

आरएक्स 100 चे मूळ सिलिंडर आणि मूळ क्रँककेस नव्याने तयार होत नाहीत. बाजारात बनावट सिलिंडर मुबलक आहेत, पण त्यांच्या पोर्टांची उंचीही अनेकदा मूळ मापाला जुळत नाही. त्यामुळे इंजिन बांधायला देणाऱ्याने आधीच सांगावे की जुना पिस्टन, जुनी बेअरिंग आणि जुने सील परत हवेत. काम झाल्यावर क्रँकचे गेजवरचे वाचन, पिस्टन आणि सिलिंडरची मायक्रोमीटरवरची मापे आणि हवेच्या दाबाच्या चाचणीचा निकाल कागदावर लिहून मागावा. ही मापे देता येत नाहीत असे जिथे सांगितले जाईल, तिथे आपले सिलिंडर ठेवू नये.